उसना श्वास

स्टुडिओतल्या लोकांनी आपल्या रेकॉर्डिस्टचं नाव चेष्टेत कानसेन ठेवलं होतं, पण चेष्टा खरी होती. गाण्यामागे कुणी आवंढा गिळला तरी त्याला ऐकू यायचं. वीस वर्षं त्याने लोकांचे घसरलेले सूर जागेवर आणले, खोकले कापले, चुकलेले शब्द बदलले. त्याचं काही नाही हो, ते त्याचं कामच. त्याला भोवलं ते एकदा गाण्यात बाहेरून घातलेलं.

झालं असं, की भाओजी गेल्यावर महिन्याभराने ताई त्यांचा फोन घेऊन स्टुडिओत आली. फोनवर त्यांचे निरोप होते, ते तिला नीट जपून ठेवायचे होते. कानसेनने तिला काचेपलीकडच्या गाण्याच्या खोलीत बसवलं आणि कानांना हेडफोन लावून दिले. "येताना काय आणू गं?" एवढंच भाओजी बोलले, आणि ताईचा श्वास मध्येच अडकला. समोरचा माईक चालू राहिला होता. चूक झाली, मान्य. पण पुसायला एक बटण पुरेसं होतं, ते काही त्याने दाबलं नाही.

पुढे दोन महिन्यांनी गायिकाबाई आल्या. गळा गोड, सूर पक्का, पण विरहाचं गाणं अगदी कोरडं ठणठणीत. "अहो, यात जीव कुठाय?" म्हणत संगीतकार डोकं धरून बसला. सतरा वेळा गाऊन बाई वैतागून घरी गेल्या. तेव्हा आमच्या या शहाण्याने ताईचा तो श्वास उचलला आणि शेवटच्या कडव्याआधी बेमालूम बसवला. संगीतकाराच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"कुठून आणलास रे?"

"होता पडलेला," हा म्हणाला.

पडलेला! सख्ख्या बहिणीचं दुःख, आणि म्हणे होतं पडलेलं.

गाणं तुफान चाललं. लोकांनी बाईंना अक्षरशः डोक्यावर घेतलं. जो तो म्हणे, बाकीच्या नुसत्या गातात, ही मनापासून गाते. मुलाखतीत बाईही सांगायच्या, "त्या जागी मला आवरतच नाही." आणि सगळ्यांत जास्त वेड कुणाला लागावं? ताईला. भाओजींच्या फोटोशेजारी तिने बाईंचा फोटो लावला.

"तिचं कुणीतरी गेलंय बघ," ती भावाला वाढता वाढता म्हणायची. "त्याशिवाय असा श्वास अडकत नाही. ती आहे म्हणून मला जरा बरं वाटतं रे. आम्ही दोघी आहोत."

कानसेन मान खाली घालून जेवायचा. सांगितलं तर तिचा एवढा आधारही जाईल, अशी तो स्वतःची समजूत घालायचा. खरं तर तो स्वतःची कातडी वाचवत होता, आणि हेही त्याला चांगलं ठाऊक होतं.

अशी दोन वर्षं गेली. मग एके दुपारी, बाईंचं नवं गाणं चालू असताना, ठेवणीतले कपडे घालून ताई थेट स्टुडिओत हजर. "बाई घाईत आहेत गं, आज नको," असं म्हणत हा दारातच आडवा आला. तेवढ्यात बाई चहासाठी बाहेर आल्या. ताईने पुढे होऊन त्यांचे दोन्ही हात धरले.

"तुमचं कोण गेलं हो?"

चाहत्यांसाठी राखलेलं एक हसू बाईंकडे तयार असायचं. ते त्यांनी आणलंही. पण ताई हात सोडेना, नजरही हटवेना. हसू हळूहळू उतरलं.

"कुणी नाही हो गेलं," बाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "सगळे सुखरूप आहेत. तो श्वास माझा नाहीच. लोक माझ्यापाशी येऊन रडतात आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. यांनाच विचारा, यांनी घातलाय."

ताई भावाकडे वळली. "कुणाचा रे?"

दोन वर्षांत त्याने या प्रश्नाला शंभर थापा रचून ठेवल्या होत्या.

"तुझा," तो म्हणाला. "भाओजींचे निरोप ऐकायला आली होतीस, तेव्हाचा."

ती मुस्काटात मारेल असं त्याला वाटलं. मारावी, असंही वाटलं. तिने तसलं काही केलं नाही. बाईंचे हात सोडले आणि भिंतीलगतच्या बाकावर बसली.

"म्हणजे ती नव्हतीच," ती म्हणाली. "दोन वर्षं मी एकटीच रडत होते."