भरदुपारी रात्रीचं जेवणारा कॅमेरा

हर्सूलच्या पलीकडे ज्या रानात पूर्वी मेंढरं चरत, तिथे आता मोठी वसाहत उभी राहिली होती. लिफ्ट होती, क्लबहाऊस होतं, पाणी तेवढं नव्हतं. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पावसाने पाठ फिरवली, तेव्हा सोसायटीने तातडीचा उपाय म्हणून कॅमेरे बसवले. आता पाणी न येताना चोवीस तास पाहता येणार होतं.

हे कॅमेरे जिन्याखालच्या एका स्विचवर, म्हणजे नेटवर्कच्या डब्यावर, जगत. त्या डब्यातून निघालेल्या एकाच वायरीतून कॅमेऱ्याला नेटही जाई आणि वीजही. डब्याची देखभाल नेटवर्कचं काम घेतलेल्या सुकेशनीकडे होती आणि सध्या तिला सारखं ऑफिसात बोलावणं येई, कारण रोज भरदुपारी चेअरमन आप्पासाहेबांचा ऑफिसातला फोन मरायचा. तोही त्याच डब्यावर होता.

"लोक म्हणतेत, टँकरच्या टायमाला आप्पा मुद्दाम फोन बंद करतो," आप्पासाहेब म्हणाले. "सोसायटीचं इलेक्शन तोंडावर आहे, मॅडम. या आठवड्यात कारण सापडलं नाय तर तुमचं काम दुसऱ्याला. अन् ज्याची चूक निघंल, त्यो घरी."

सुकेशनीने संगणकावर एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती थोड्या थोड्या वेळाने स्विचला विचारी, कुणी किती वीज खाल्ली? स्विच इमानदार, भीड न ठेवता नावासकट सांगे. भानगड लगेच कळली. कॅमेरे अंधार पडला की स्वतःचे दिवे लावतात, म्हणून रात्री जास्त खातात. टाकीवरचा मोठा कॅमेरा मात्र ऊन डोक्यावर आलं की रात्रीचं जेवायला बसत होता. दिवसा ऑफिसची यंत्रंही पंगतीत असत. वाढायला कमी पडलं की शेवटच्या पानावरच्याला उठवायचं, हा स्विचचा कायदा. आणि शेवटच्या पानावर आप्पासाहेबांचा फोन होता.

कॅमेऱ्यात काय दिसतं, हे पाहायची पद्धत सोसायटीत नव्हती. चोरी झाल्यावर पाहू, असं ठरलं होतं. सुकेशनी टाकीवर गेली. कॅमेऱ्यावर ओलं पोतं होतं, खाली वॉचमन त्रिंबकमामा.

"मामा, हे काय?"

"पोतं हाय."

"ते दिसतंय. घातलं कशाला?"

"लई तापलं व्हतं बिचारं. हात लावला तर चटकाच बसला. उन्हानं मेंढरू मलूल झालं की आमी असंच करतो. सांजच्याला काढतो की."

"आणि पाणी?"

"माझं तोंड धुतल्यालं. सोसायटीचं नाय."

"मामा, पण त्याला काही दिसत नाही ना."

"दुपारच्याला हितं बघण्यासारखं हाय तरी काय?"

सुकेशनी ऑफिसकडे निघाली. खरं कारण सांगितलं तर मामा घरी, नाही सांगितलं तर आपण. तिने मधलं काहीतरी सांगायचं ठरवलं.

"उन्हामुळे टाकीवरच्या कॅमेऱ्याला दुपारी रात्र वाटते," ती आप्पासाहेबांना म्हणाली. "वर सावली केली की भागेल."

आप्पासाहेब सावली मोजायला स्वतःच टाकीवर आले. पोतं तिथेच होतं.

"कुणी घातलं हे?"

"म्या," त्रिंबकमामा म्हणाले. खोटं बोलायला वेळच मिळाला नव्हता.

"झालं. उद्यापासून—"

"आप्पा, थांबा जरा," टाकीजवळच्या नळावरच्या रांगेतून आवाज आला. सी विंगच्या साळूबाई, लेकाच्या फ्लॅटवर सोयगावहून राहायला आलेल्या. "एवढ्या सोसायटीत दुसऱ्याला ऊन लागतं हे कळणारा एकच माणूस हाय, त्यालाच घालवता व्हय? आमी रोज हितं हंडे घेऊन भाजतो. आमाला बी त्या वायरीला जोडा, मंजी आमच्यावर बी कुणी पोतं टाकंल."

रांग हसली. आप्पासाहेबांनी रांगेकडे पाहिलं. रांग पार क्लबहाऊसपर्यंत गेली होती आणि तिच्यात बिनमताचं घर एकही नव्हतं.

"त्रिंबक," ते घसा साफ करत म्हणाले, "उद्यापासून तू हितं पत्र्याच्या कामावर लक्ष ठेवायचं. टाकीपासून रांगेच्या शेवटापर्यंत मांडव. ही माझी कवाची योजना."

"अन् पोतं काढू?"

"पत्रे येऊस्तोवर राहू दे. त्याचा डोळा तेवढा उघडा ठेव."

मामांनी कमरेचा विळा काढून पोत्याला बेतशीर भोक पाडलं. सुकेशनीने मोबाईलवर विजेचे आकडे आणि कॅमेऱ्याचं चित्र उघडलं. कॅमेरा दुपारच्या जेवणावर आला होता, आणि भोकातून थेट आप्पासाहेबांकडे बघत होता.