बिनग्रहाचा खडा

भैयाजी मेश्राम ज्या दिवशी खरं बोलेल, त्या दिवशी मनसरच्या खाणीतलं सगळं मँगनीज पांढरं पडेल, असं लोक म्हणत. पण त्या दुपारी इतवारीच्या सराफ्यात, गुलाबचंद सेठच्या गादीवर तो पोटात एक खरी गोष्ट घेऊन बसला होता. त्यामुळं त्याला धड थापही मारता येईना.

खरी गोष्ट म्हणजे कौसल्या. खाणीत ती छाटणीवर आणि हा ट्रॉलीवर, अशी अर्धी हयात गेली. तिचा नवरा गेला, याची बायको गेली. ती पोराकडं शहरात, नंदनवन वस्तीत राहायला आली, तेव्हाही हा वाघाच्या नि भुतांच्या गोष्टी सांगत राहिला. सांगायची तेवढी राहून गेली. आता पोराची बदली भिलाईला झाली होती. उद्या सकाळी सामान हलणार होतं.

भैयाजीनं रुमालाची गाठ सोडली. आतला खडा लाल पेरूच्या गरासारखा गुलाबी होता, मधून एक काळी शीर गेलेली.

"सेठ, अंगठीत बसवून दे. अंधारात उजेड देते हा. याच्याच उजेडात माह्या आज्यानं हरवलेली म्हैस शोधली."

"मग म्हशीच्याच गळ्यात बांधायचा होता," गुलाबचंद म्हणाला. त्यानं खड्यावर गारगोटीचं टोक ओढलं. ओरखडा उठला. उजेडाकडं धरून पाहिला, तर पलीकडचं काहीच दिसेना. "माणिक पाह्य. पिढ्यान्‌पिढ्या घासलं तरी चेहरा बदलत नाही त्याचा. उजेड आत घेते अन् सजवून बाहेर सोडते. याच्यातून उजेड जाऊनच नाही राहिला. अन् उघड्यावर राहिला तर काळा पडते हा."

"खाणीत आम्हीबी काळेच पडलो."

"सापडते किती?"

"खाणीत ढिगानं. बाया फोडून फेकून देतात."

"झालं मग. अन् याचा ग्रह कोणता? माणकाले सूर्य हाय, नीलमले शनी. पाठीशी ग्रह असला का गिऱ्हाईक पायऱ्या चढते. याच्यासाठी कोण चढल?"

"मी चढलो ना."

"तुहा तरी ग्रह कोणता?"

"छप्पन साली दीक्षा घेतली तवाच सोडून देले आम्ही. नवच्या नव. मोकळेच हिंडून राहिले असतील, एखादा चिकटवून दे याले."

गुलाबचंद पोट धरून हसला. मग खडा रुमालात परत ठेवत म्हणाला, "बसवाले काय, मी वीटबी बसवीन अंगठीत. पण कोणी मागितला तर खडा रत्न होते, भैयाजी. नाही तर गोटा. तिनं मागितला का?"

ती कोण, हे गुलाबचंदला कुणी सांगितलं नव्हतं. भैयाजीनं रुमालाला गाठ मारली. तो खाली उतरला आणि पायीच नंदनवनाकडं निघाला.

तिथं नवी घरं उठत होती. कौसल्याच्या दारापुढं गिट्टीचा ढीग पडला होता आणि ती ओट्यावर वळकटी बांधत होती.

"ये गा. आज कोणता वाघ आणला?"

"वाघ नाही आणला. हे आणलं." त्यानं खडा तिच्या हातावर ठेवला.

"बरं झालं आला. सकाळी ट्रक येते, मंग कुठं भेट होते," असं बोलत बोलत तिनं खडा तळव्यावर एकदा उडवला. छाटणीवर जड दगड म्हणजे माल, तो टोपल्यात. हलका म्हणजे कचरा, तो डाव्या खांद्यावरून मागं. डोळ्यांनी पाहायच्या आधी हातानं ठरवायचं, हीच तिथली रीत. हातानं ठरवलं. खडा खांद्यावरून उडाला आणि गिट्टीत कुठंतरी खट्कन वाजला.



"काय होतं गा ते?"

"खडा होता. तुह्यासाठी."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"सांगूनच राहिलो होतो."

"केव्हापासून?"

भैयाजीनं बोटं मोजायला घेतली आणि सोडून दिली.

कौसल्या उठली, ढिगापाशी उकिडवी बसली आणि गिट्टी उलथवू लागली. भैयाजी दुसऱ्या बाजूनं बसला. काळ्या गिट्टीत गुलाबी खडा लपून लपणार किती? त्याला तो लगेच दिसला. त्यानं हळूच त्यावर पाय ठेवला.

"तिकडं दिसला का?"

"नाही बा." एवढं लहान खोटं तो आयुष्यात कधी बोलला नव्हता.

आतून सून म्हणाली, "आई, काय शोधून राहिल्या?"

"कचरा वं," कौसल्या म्हणाली.

उन्हं घरांमागं गेली. तिनं मान वर केली. तिची नजर भैयाजीच्या पायावर आली आणि तिथंच थांबली. एवढ्या वेळात तो पाय एकदाही हलला नव्हता.

कौसल्यानं पदर खोचला, त्याच्याजवळ सरकून बसली आणि पलीकडं बोट दाखवत म्हणाली, "ते बाजू नाही पाह्यली आपण अजून."