उत्तर बरोबर

कथालेखनाची कार्यशाळा फर्निचरच्या दुकानाच्या माडीवर भरायची. विकायचे सोफे तिथेच ठेवलेले आणि त्यांवरचं प्लास्टिक काढायचं नाही अशी दुकानदाराची ताकीद. त्यामुळे सरांच्या प्रत्येक सुभाषितानंतर भावी साहित्यिक जरा हलले, की खोलीभर चर्रचर्र व्हायचं. चष्मेवालीला पहिल्याच दिवशी त्या आवाजाची शिसारी आली. आली खरी, पण ती उठून गेली नाही, हे तिच्या नावावर टाकायलाच हवं.

‘चष्मेवाली’ हे नाव सरांनीच ठेवलेलं. ती चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असते एवढं कळताच त्यांनी टाळी वाजवली. “झालं! हाच तुमचा ब्रँड. लेखक काय लिहितो ते नंतर बघू. आधी तो कशानं लक्षात राहतो ते सांगा!”

सर स्वतः लक्षात राहायचे ते रुमालामुळे. बोलता बोलता ओठांच्या कोपऱ्यात जमलेला फेस ते रुमालानं टिपायचे, टिपलेलं निरखायचे आणि नीट घडी करून पुन्हा खिशात ठेवायचे. जणू दागिनाच.

पंचाईत अशी, की माणूस अगदीच पोकळ नव्हता. “पहिला परिच्छेद कापा,” ते म्हणाले. “तो तुम्ही घसा खाकरायला लिहिलेला असतो.” चष्मेवालीनं कापला. वारा, चांदणं, पाचोळा गेला आणि गोष्ट थेट खुर्चीत बसलेल्या बाबांपाशी येऊन उभी राहिली. “मोठ्यानं वाचा. जीभ जिथं अडखळते तिथं वाक्य लंगडं.” तेही खरं निघालं. ‘अत्यंत’ आणि ‘नकळत’ तिनं खड्यासारखे वेचून फेकले. म्हणून मग पुढचं सगळं ती न चावता गिळत गेली. मूठभर खऱ्यात कालवलेलं पायलीभर खोटं घशाखाली सहज उतरतं.

गोष्ट तिच्या बाबांची होती. बाबा गणिताचे मास्तर. आजारात अर्धं अंग गेलं, वाचा गेली, मागे एकच शब्द उरला: ‘बरोबर’. जन्मभर याच शब्दाची त्यांनी कंजुषी केलेली. पोटच्या पोरीनं अचूक गणित सोडवलं तरी नुसती मान हलवायचे. आणि आता दिवसभर तोंडात तेवढंच. ती आणि आई चालीवरून अर्थ लावायच्या. ‘रो’ लांबवला की पाणी. घाईघाईनं दोनदा म्हटलं की संडास.

“सोनं आहे हो हे!” सर म्हणाले. “फक्त शेवटी मारा त्यांना.”

“कुणाला?”

“बाबांना. गोष्टीत हो! वाचक रडला पाहिजे. रडलेला वाचक म्हणजे बिनपगारी विक्रेता.”

सोफे चर्रले. सगळ्यांनी लिहून घेतलं.

तिनं मारलं. पलीकडच्या खोलीत आई बाबांना भरवत होती, वाटीवर चमचा वाजत होता, आणि अलीकडे लेकीनं शेवटच्या पानावर बाप थंड केला. वर स्वतःच वाचून डोळेही पुसले.

सरांच्या नव्या संग्रहात एकाच शिष्याची कथा जाणार होती, आणि कुणाची ते ठरणार होतं प्रत्येकानं आपल्या कथेसाठी करायच्या प्रसिद्धीच्या व्हिडिओवरून. तिला ती जागा हवी होती. नंबरांच्या काचा बदलत ‘आता स्पष्ट दिसतंय का?’ विचारण्यात तिची उमेदीची वर्षं गेलेली. आता कुणीतरी तिच्याकडे बघावं, एवढीच भूक होती.

“बाकीच्यांकडे नुसते फोटो आहेत,” सर तिच्या कानाशी येऊन म्हणाले. श्वासाला शिळ्या कॉफीचा वास. “तुमचं पात्र जिवंत आहे. नशीब काढलंत!”

रविवारी सर घरी आले. आईनं चहा पुढे केला, तो त्यांनी खिडकीत ठेवून दिला आणि खोलीला चक्कर मारली. पलंगामागची संडासाची खुर्ची पायानं सरकवत पुढे आणली. “ही दिसली पाहिजे. आणि सदऱ्याची वरची दोन बटणं काढा.”

“ते कधी उघड्या गळ्यानं बसत नाहीत,” आई म्हणाली.

“ताई, हे साहित्य आहे.”

चष्मेवालीनं बटणं काढली. बाबा तिच्या बोटांकडे बघत होते. मोबाइल तिचाच, धरला सरांनी. तेवढ्यात बाबांच्या ओठांतून लाळ ओघळली आणि आई सवयीनं फडकं घेऊन वाकली.

“पुसू नका!” सर ओरडले. “राहू द्या, छान दिसतंय.” आणि स्वतःचा रुमाल काढून स्वतःचं तोंड पुसलं.

आईचा हात अधांतरी थांबला. तिनं लेकीकडे बघितलं.

“एक मिनिट, आई,” चष्मेवाली म्हणाली.

लाळ हनुवटीवरून लोंबत राहिली. सर पुढे झुकून, बहिऱ्याशी बोलावं तसे म्हणाले, “आजोबा! मुलीनं तुमच्यावर गोष्ट लिहिलीय! शेवटी तुम्ही जाता! कशी वाटली?”

बाबांनी मान वळवली. सरांकडे नाही, लेकीकडे. प्रत्येक अक्षर सुटं करून म्हणाले, “ब. रो. बर.”

“वा! आशीर्वाद मिळाला!” सरांनी मांडीवर थाप मारली.

आईनं मान खाली घातली. ही चाल चष्मेवालीनं ऐकली होती, बाबांच्याच वर्गात बसून. कुणी शेजाऱ्याचं बघून उत्तर उतरवलं, की बाबा त्याला उभं करायचे, हे असं तोडून तोडून म्हणायचे आणि त्या उत्तरावर आडवी रेघ ओढायचे. उत्तर बरोबर, पोरगं चोर. छडी नाही, शिवी नाही. पोरं म्हणायची, मास्तर, छडी मारा पण ‘बरोबर’ म्हणू नका. तिच्या वाट्याला ते कधी आलं नव्हतं.

“मोबाइल द्या,” ती म्हणाली.

“थांबा हो, अजून एकदा...”

“द्या म्हणते ना! ते चोर म्हणाले मला.”

सर हसले. “असेल. प्रेक्षकाला कुठं कळतंय?”

तिनं मोबाइल ओढून घेतला आणि त्यांच्यादेखत व्हिडिओ पुसून टाकला.

“मग संग्रह विसरा,” सर म्हणाले. “लेखकाला जाड कातडी लागते, चष्मेवाली.”

“तुमची पुरेल दोघांना. निघा.”

ते गेले, पण रुमाल संडासाच्या खुर्चीवर राहिला. आईनं चिमट्यानं उचलून तो कचऱ्यात टाकला आणि चिमटा घासायला घेतला. “माणूस घाण होता,” नळापाशी ती म्हणाली. “पण बटणं त्यानं नाही काढली.”

चष्मेवालीनं सदऱ्याची बटणं लावली. बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. गोष्टीतलं शेवटचं पान तिनं फाडलं, तरी ते फिरलेलं तोंड काही वळलं नाही.

बऱ्याच वेळानं ते भिंतीलाच म्हणाले, “बरोऽऽबर.”

पाणी. आई हात पुसत निघाली होती, पण लेक आधी उठली. बाबा तिच्या हातून प्यायले, तिच्याकडे न बघता. निम्मं पाणी हनुवटीवरून ओघळलं. तिनं लगेच पुसलं.