टाळू

बारशाला मधाची वाटी पुढे आली आणि कौशिकने ती बाजूला सारली. कौशिक म्हणजे कलावतीबाईंच्या जावयाचा, जितेशचा चुलतभाऊ; ओमानमधल्या सलालाहच्या मराठी मंडळींचा स्वयंघोषित पुढारी. जितेशला दुक्मच्या रिफायनरीत त्यानेच चिकटवलं होतं, म्हणून घरात त्याच्यापुढे कुणी ब्र काढत नसे. कलावतीबाईंना त्याची शिसारी यायची, पण पडला मुलीच्या सासरचा माणूस.

“मध कसला चाटवता, मावशी? एकदम आउटडेटेड!” त्याने खिशातून कॅप्सूल काढली. “व्हिटॅमिन ए. जन्मल्याबरोबर डोस दिला की बाळं दगावत नाहीत. स्टडी आहे. यल्ला, चला, फोटो काढा कुणीतरी!”

दगावत म्हटल्यावर त्यांची मुलगी शिवांगी पांढरीफटक पडली. पहिलं बाळ तिने महिन्याच्या आत गमावलं होतं. “देऊ दे ना गं, आई,” ती म्हणाली.

बाळ तोंड उघडेना. “गाल धरा, मावशी,” म्हणत कौशिकने नेलकटरने कॅप्सूल कापली आणि ते पिवळं तेल आत पिळलं. वशाट वास सुटला. मग तीच बरबटलेली बोटं या महाशयांनी घुगऱ्यांत घातली. शी!

दुसऱ्या दिवशी बाळाची टाळू भरताना कलावतीबाईंचा तळवा थबकला. रोज हाताखाली मऊ धडधडणारी टाळू आज फुगून ताठ झाली होती. बाळ दूध ओढेना, प्यायलेलं ओकू लागलं. दोघी रडत हॉस्पिटलात धावल्या.

“ये तो बड़े बच्चों का डोज़ है,” डॉक्टरीणबाई संतापल्या. अशा अभ्यासांत कुठे फायदा दिसला, कुठे काहीच नाही, म्हणून नवजात बाळांना हे सरसकट देत नाहीत, असं त्यांनी बजावलं. “माँ का दूध पिलाइए, बस.”

टाळू हळूहळू बसली. बाळ घरी आलं, तसा कौशिक पेढे घेऊन हजर. “बघा, डोस लागू पडला की नाही? ग्रुपवर सगळे विचारतायत!” त्याने मोबाइल पुढे केला.

निर्लज्ज मेला! कलावतीबाईंच्या ओठांवर सात पिढ्यांचा उद्धार आला होता. तेवढ्यात फोटो दिसला. कौशिकचे दात, ती कॅप्सूल, आणि बाळाचे गाल दाबून धरलेली हिरव्या बांगड्यांच्या हाताची दोन बोटं. त्यांचीच.

“पेढे उचल आणि चालता हो,” त्या एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तेल कोमट केलं, बाळाला मांडीवर घेतलं, आणि वाटी शिवांगीकडे सरकवली.

“टाळू तू भर,” त्या म्हणाल्या. “माझा हात नको.”