वर दोन किलो

हळू, हळू! असे एकदम अंगावर उभे राहू नका हो, दचकायला होतं मला. मी वजनकाटा बोलतोय. चपटा, चौकोनी, वर खरखरीत रबर, पायांच्या अंगठ्यांपाशी काचेखाली गोल तबकडी. घरात मला पलंगाखाली सरकवून ठेवतात आणि गरज पडली की पायानेच बाहेर ओढतात. दार आपटलं तरी माझा काटा थरथरतो. स्वभावच तसा आहे, त्याला इलाज नाही.

माझा जन्म कारखान्यातला. पोटात एक जाड स्प्रिंग बसवली, चार पाय लावले आणि एका बाईने दहा किलोचं लोखंडी वजन धाडकन माझ्यावर ठेवलं. काटा बरोबर दहावर थांबला. "हा चांगला आहे," ती शेजारणीला म्हणाली आणि मला खोक्यात घातलं. माझं एवढं निखळ कौतुक पुढे कुणी केलं नाही, म्हणून ते वाक्य मी जपून ठेवलंय.

मला विकत घेतलं ते चिमीसाठी. ती जन्मली तेव्हा अगदीच किडकिडीत होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, वजनावर लक्ष ठेवा. मग दर रविवारी सकाळी चिमीची आई तिला कडेवर घेऊन माझ्यावर उभी राहायची, मग तिला बाबांच्या हातात देऊन एकटी उभी राहायची आणि दोघं वजाबाकी करायचे. शंभर ग्रॅम वाढले की घरात उधळं हसू पसरायचं, खर्चाची पर्वा नसलेलं. त्या वर्षी माझा थाट होता. रविवारी पहिला मान माझा.

पण सोमवार ते शनिवार मान कुणाचा? मशीनचा.

आई शिवणकाम करायची. तिचं हाताने चाक फिरवायचं काळं मशीन खिडकीपाशी टेबलावर बसलेलं असायचं. बसलेलं म्हणजे काय, विराजमान! त्याला तेल, त्याला मऊ फडकं, त्याच्यासाठी आईने स्वतः शिवलेलं, कडेला निळी वेलबुट्टी काढलेलं आच्छादन. मला आच्छादन? मला बाबांचे ओले पाय. मशीन अडलं की आई त्याच्याशी बोलायची, "काय झालं रे तुला, का रुसलास?" मी रुसलो तर कुणाला कळणार होतं! चिमीसुद्धा त्याच्या टकटक आवाजावर झोपायला शिकली. पलंगाखालून मला त्याच्या टेबलाचे फक्त पाय दिसायचे, तेवढे बघूनही माझं पोट दुखायचं.

आता बाबांचं सांगतो, कारण पुढचा सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला. बाबा लिफ्ट दुरुस्त करणारे. हातात सतत स्क्रूड्रायव्हर, खिशात कुठला तरी नट. एकदा डॉक्टरीणबाई त्यांनाच म्हणाल्या, "तुमचंही वजन जरा बघा." बाबांनी वजन कमी करायचा सोपा मार्ग काढला. माझ्या मागे काटा पुढेमागे करायचं एक दातेरी चाक आहे. ते त्यांनी फिरवलं आणि माझा काटा शून्याच्या दोन घरं मागे नेऊन ठेवला.

"बघ, दोन किलो उतरलं!" ते आईला म्हणाले.

आई स्वतः उभी राहिली. तिचेही दोन किलो उतरले होते. "अहो, माझंही उतरलं की. जेवण मी केलं नाही वाटतं आठवडाभर?"

झाली फजिती. पण ते चाक परत जागेवर आणायचे कष्ट घेतील तर ती माणसं कसली! घरात कायदाच होऊन गेला: काटा म्हणेल ते, वर दोन. पाहुणा उभा राहिला तरी चिमी बोट नाचवत ओरडायची, "वर दोन! वर दोन धरा काका!" अकरा वर्षं मी त्या घरात खोटं बोललो आणि सगळ्यांनी ते खोटं हसत हसत दुरुस्त करून घेतलं.

मग एके दिवशी बाबांना परदेशात नोकरी लागली. तिकडच्या उंच उंच इमारतींच्या लिफ्टा. घर रिकामं करायचं ठरलं. माणशी दोन बॅगा, तिघांच्या सहा, एकेक तेवीस किलोची. बाकी सगळं इथेच.

आईने बैठकीत तीन चादरी पसरल्या. एक न्यायची, एक द्यायची, एक टाकायची. अहाहा, काय दिवस होते ते! आयुष्यभर मिजास करणाऱ्या वस्तू थरथर कापत होत्या. पाहुण्यांच्या कपबशांचा सेट बारा वर्षं काचेआड बसून इतरांकडे नाक वर करून बघायचा, तो द्यायच्या चादरीवर गेला. भिंतीवरचं घड्याळ गेलं. बाबांचे बुटांचे चार जोड गेले. प्रत्येक वस्तू हातात घेऊन आई क्षणभर थांबायची. मला वाटायचं, माझ्यासाठीही अशीच थांबेल का? पण मी कुठल्याच चादरीवर नव्हतो. मी कामावर होतो ना! सगळं माझ्यावरून जात होतं. चिमीची गोधडी माझ्या अंगावरून जाताना किती फुगली होती! फोटोंचा अल्बम, बाबांची हत्यारं, जुना कुकर, सगळे जाणारे. मी त्यांची वजनं सांगत होतो आणि आतल्या आत जळत होतो. गाडीवर चढणाऱ्यांना हात देऊन चढवायचं आणि आपण मात्र खाली उभं राहायचं, असलं काम कुणाला आवडेल?

मशीनचं तर ठरलेलंच होतं. आईने पहिल्याच दिवशी त्याची लाकडी पेटी काढून टाकून त्याला माझ्यावर ठेवलं होतं. साडेअकरा किलो. "हे पहिलं," ती म्हणाली. "बाकीचं मग."

"अगं, अर्धी बॅग त्यानेच खाल्ली," बाबा म्हणाले. "तिकडे नवीन घेऊ."

"नवीन कशाला? आणि कधी? तिकडच्या होणाऱ्या शेजारणीने फोनवर सांगितलंय, गणवेश आखूड करायचं काम लगेच मिळेल, हातात मशीन पाहिजे. नाहीतर मी तिकडे काय, तुमची वाट बघत खिडकीत बसू? मला भाषा येत नाही, रस्ते माहीत नाहीत. शिवता तरी येतं."

बाबांनी मशीन उचलून चादरीवर ठेवलं. मी मात्र मनातल्या मनात भांडत होतो. त्याने न्यायच्या चादरीवर मधोमध बसावं आणि मी कुठेच नसावं? जळफळाट झाला माझा.

त्याच दुपारी आई आणि चिमी द्यायच्या वस्तू पोचवायला बाहेर गेल्या होत्या. बाबांनी मला उलटं केलं. मी दचकलो. स्क्रूड्रायव्हरने त्यांनी माझं चाक हळूच फिरवून काटा बरोबर शून्यावर आणला. "विमानतळावर शोभा नको," स्वतःशीच पुटपुटले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, कुठल्यातरी इमारतीत माणसं लिफ्टमध्ये अडकली होती. ते तसेच पळाले आणि सांगायचं राहिलं.

आणि बाबा कामावर गेले की आई पुढचे पाच दिवस बॅगा भरत राहिली. माझा काटा एकवीस म्हणाला की ती म्हणायची, "वर दोन, तेवीस. चिमे, बंद कर." कुलूप. दुसरी बॅग. एकवीस, वर दोन, तेवीस. कुलूप. मी रिकामा असताना ती माझ्याकडे एकदाही बघत नव्हती. हातात ओझं घेऊन यायची, माझ्यावर टाकायची, आकडा वाचायची, उचलायची. रिकाम्या काट्याकडे कोण बघतं? बघितलं असतं तर दिसलं असतं, मी शून्यावर सरळ उभा होतो.

मला सांगता आलं नसतं हे खरं. पण सांगावंसं वाटलं का, असं विचाराल, तर नाही. अजिबात नाही. मला कळत होतं पुढे काय होणार.

तसंच झालं. सहा बॅगा भरल्या आणि हातातली शिवणं उरकायची म्हणून बाहेर ठेवलेलं मशीन उरलं. आईने एका बॅगेतून स्वतःचे कपडे बाहेर काढले, परत माझ्यावर बॅग ठेवली. चिमीची गोधडी काढायला गेली, तर चिमीने ती अशी कवटाळली की आई नुसतीच बघत राहिली. शेवटी ती जमिनीवर बसली.

"राहू दे," म्हणाली. "खालच्या वहिनींना देते. त्यांना शिकायचं होतं ना."

खालच्या वहिनी म्हणजे तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या बाई. नवरा गेल्यापासून फाटलेले पडदे, उसवलेल्या पिशव्या असलं काहीबाही हाताने शिवून द्यायच्या. मशीन बघून त्यांना रडूच आलं. दोघींनी मिळून ते खाली नेलं. खिडकीपाशी नुसतं टेबल उरलं, त्यावर एक चौकोनी, तेलकट डाग.

आणि मी? मी नाचलो! काटा नाही हलला, पण मी नाचलो. गेलास ना? अकरा वर्षं तेल पिऊन पिऊन शेवटी गेलासच ना खाली?

त्यानंतर दोन दिवस आई काम करता करता मध्येच रिकाम्या टेबलाजवळ जाऊन उभी राहायची, हात पुढे करायची आणि परत मागे घ्यायची. मला त्यात मजा वाटायला हवी होती.

जायच्या आदल्या सकाळी चिमीचा मामा निरोप द्यायला आला. येताना नवीन कोरा, हुकाचा काटा घेऊन आला, मुठीएवढा. आकडे लाल दिव्यात दिसणारे. "ताई, मोजून घेऊ एकदा. या डबड्याचा काय भरवसा?" डबडं म्हणाला मला! त्याने पहिली बॅग हुकाला अडकवून उचलली, तोंड वाकडं केलं. "एकवीस. अजून दोन किलो माल बसेल की!"

"छे रे, तेवीस आहे."

दुसरी. एकवीस. तिसरी. एकवीस.

"तुझा हा खेळण्यातला काटा आहे," आई म्हणाली. "आमचा दोन कमी दाखवतो, माहितीये ना तुला? वर दोन धरून..."

बाबा चहाचा कप हातात घेऊन दारात उभे होते. त्यांचा चेहरा मी खालून बघितला. असा चेहरा लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाचा होत असेल.

"अगं," ते म्हणाले, "तो मी... नीट केला होता."

"काय नीट केला?"

"काटा. शून्यावर आणला. आठवडा झाला."



"आठवडा?" आई म्हणाली. "अकरा वर्षं तुम्हाला वेळ झाला नाही आणि नेमका आठवड्यापूर्वी झाला? आणि सांगितलं नाहीत? सहा बॅगा, अहो! सहा दुणे बारा! माझं मशीन साडेअकरा!"

"फोन आला होता गं, माणसं अडकली होती..."

"मी अडकले ती?"

मामाने हुकाचा काटा हळूच खिशात घातला, जसं काही त्याचाच गुन्हा होता. चिमी म्हणाली, "मग वहिनींकडून परत आणूया ना."  दिलेली वस्तू परत कशी मागायची? आई उठली, दारापर्यंत गेली, परत आली. परत गेली. "मी नाही मागणार," म्हणाली. "त्यांनी काल तीन उशांचे अभ्रे शिवले त्यावर. मला दाखवायला आणले होते."

पण ती जुनी इमारत, पातळ भिंती आणि आईचा आवाज! जिन्यावर पावलं वाजली. जड, थांबत थांबत येणारी. वहिनी दारात उभ्या होत्या, दोन्ही हातांनी मशीन छातीशी धरून, धापा टाकत. दुसरं काही न सुचून त्यांनी ते जवळात जवळ जी जागा दिसली तिथे टेकवलं. माझ्यावर.

"अहो वहिनी, नाही, नाही..." आई म्हणाली.

"ठेवून घे. सगळं ऐकू आलं मला."

"मी दिलंय ते तुम्हाला."

"दिलंस, वापरलं मी तीन दिवस. हौस फिटली." त्यांनी पदराने चेहरा पुसला. हौस फिटलेल्या माणसाचा चेहरा तसा नसतो. "तुला तिकडे पोटापाण्याला लागेल. मी हाताने शिवते, माझं काय अडलंय."

साडेअकरा किलो माझ्या अंगावर होते. आजवर त्याला इतका वेळ मी कधीच उचललं नव्हतं. थंड, मुकं, कोपऱ्यात तेलाचा वास. त्यालाही कळत होतं का, कुणाच्या हातून कुणाच्या हातात चाललंय ते?  

मग धावपळ उडाली. कुलपं उघडली, एका बॅगेतलं निम्मं सामान इतर पाचांत कोंबलं, मशीन टॉवेलांत गुंडाळून तिच्यात निजवलं. वजनं मामाच्या हुकाने केली. मला कुणी विचारलं नाही. मशीन जाणार, आणि काम त्या मुठीएवढ्या लाल दिव्याला. एकाच सकाळी दोन दोन जणांचा हेवा करायचा म्हणजे माणूस थकतो, मी तर काटा.

वहिनी निघाल्या तेव्हा आईने त्यांचा हात धरला. "असं रिकाम्या हाताने नका जाऊ. काहीतरी न्या."

वहिनींनी खोलीभर नजर फिरवली. नेण्यासारखं उरलं होतं काय? भिंती, खिळे, आणि मी.

"हा काटा नेते," त्या म्हणाल्या. "येताना हात भरलेले होते, तर जाताना रिकामे बरे नाही वाटत." आणि मला काखेत मारून जिना उतरल्या.

आता मी तळमजल्यावर असतो. वहिनी माझ्यावर कधीच उभ्या राहत नाहीत. जमिनीला ओल येते म्हणून शिवायच्या कपड्यांची टोपली माझ्यावर ठेवतात. सव्वा किलो, कधी दीड. खिडकीपाशी त्यांनी मशीनसाठी एक टेबल रिकामं केलं होतं. ते अजून रिकामंच आहे. रोज पुसतात.

परवा आईचा फोन आला. वहिनींनी आवाज मोठा केला. आई बोलत होती, तिकडे थंडी फार आहे, चिमी शाळेत जाते, गणवेशांचा ढीग पडलाय. आणि मागून तो आवाज येत होता, टकटक टकटक. बोलता बोलता ती चाक फिरवत असणार. वहिनींचा सुई धरलेला हात थांबला. "छान चालतंय हो," त्या म्हणाल्या, "ऐकू येतंय मला." फोन ठेवल्यावर त्यांनी उठून ते रिकामं टेबल पुन्हा एकदा पुसलं.

मला वाटायचं, हेवा म्हणजे काय ते या जगात माझ्याएवढं कुणाला माहीत नाही. त्या दुपारी कळलं, एका घरात आम्ही दोघं आहोत.

म्हणून वाचणाऱ्यांनो, एकच मागणं. तुमच्यापैकी कुणी घर आवरायला काढलं असेल आणि कुठल्या कोपऱ्यात एखादं जुनं मशीन पडून असेल, तर टाकू नका. तळमजल्यावर आणून द्या. वहिनी त्याला तेल घालतील, आच्छादन शिवतील, अडलं तर त्याच्याशी बोलतील. माझ्या पोटात दुखेल, फार दुखेल.

दुखू दे. टेबल पुसून तयार आहे.