गिलाव्याखालचं लाकूड

मित्रांनो, मी पाद्र्यांसाठी बांधलेलं एक जुनं घर आहे. गाव मला फार्रहाउस म्हणतं. जर्मनीत गेर्लिंगेनजवळच्या एका खेड्यात, चर्चशेजारी, मी पावणेतीनशे वर्षं उभं आहे. सुतारांनी ओकच्या खांबांची आणि तुळयांची चौकट उभारली, मधल्या जागेत काटक्या विणून त्यांवर माती लिंपली. वर उंच, उतरतं छप्पर. तळमजल्यावर पाद्र्यांची लिहिण्याची खोली. जन्म असो की मरण, गावातलं माणूस आधी माझंच दार ठोठावायचं.

पुढे मला देखणं करायचं म्हणून बाहेरून सिमेंटचा गिलावा चढवला. सगळ्यांनी कौतुक केलं. माझा मात्र श्वास कोंडला. भिंतीत शिरलेलं पाणी बाहेर पडेना. मग एकाच पाद्र्याकडे चार गावं आली, ते दुसऱ्या गावात राहू लागले आणि मी रिकामं पडलं. लाकूड कुजलंय असा तज्ज्ञाचा अहवाल आला आणि मला पाडून टाकायचं चर्चने ठरवलं.

पाडण्याआधी मापं घ्यायला विभावरी आली. ती स्टुटगार्टला जुन्या इमारतींवर पीएचडी करते. सोबत तिचे सासरे आत्माराम होते. चिपळूणचे सुतार, तीन महिन्यांसाठी मुलाकडे आलेले आणि घरात बसून कंटाळलेले. त्यांनी सुटलेला गिलावा ओढून काढला आणि खांबावर खालून वर बोटाने ठोकत गेले.

"विभावरी, खाली वीतभर गेलंय. वरचं लाकूड खणखणीत आहे."

"अहो बाबा, अहवालात तर सगळं कुजलंय म्हणून लिहिलंय."

"लिहिणाऱ्याने गिलावा काढला होता का?"

तो अहवाल तिच्या प्राध्यापकांचाच होता.

तरीही आतलं लाकूड तपासायला तिने अकरा खांबांना बारीक भोकं पाडली. वीतभर पाय सोडले तर नऊ खांब शाबूत निघाले. चर्चच्या सभेत तिने हे सांगितलं. प्राध्यापक समोरच बसले होते. त्यांनी भोकांतून निघालेला कोरडा भुसा बोटांत चोळून पाहिला.

"आल्झो, म्हणजे असं आहे तर," ते म्हणाले, "मी गिलावा काढलाच नव्हता."

माझं पाडणं थांबलं. सिमेंट निघालं, माती आणि चुना आला. खांबांचे कुजलेले पाय कापून ओकचं नवं लाकूड जोडलं. पहिला सांधा आत्मारामांनी आखून दिला, पण तो बसलेला बघायला ते थांबू शकले नाहीत. व्हिसा संपला होता. पुरते कुजलेले दोन खांब मागच्या खोलीचे होते; ती खोली वाचली नाही. तिची आठवण मला अजून येते.

मित्रांनो, तुमच्याही गावात माझ्यासारखं एखादं घर असेल. त्याला नटवण्याआधी ते श्वास कुठून घेतं, हे समजून घ्या. आणि त्याच्यावर कुदळ उचलण्याआधी, जाणत्या हाताला एकदा त्याच्या अंगावरून फिरू द्या.