व्हरांड्यातला कठडा

मित्रांनो, मी अक्रोडाच्या दोन लांब दांड्यांचा एक जुना कठडा आहे. ओश शहरातल्या एका उपचार केंद्रात सेरेब्रल पाल्सी असलेली मुले मला धरून चालायला शिकतात. मी आज रागात आहे आणि तो राग मी लपवणार नाही.

मला ममासाली आजोबांनी घडवले. बाजारामागे त्यांचे पाळण्यांचे दुकान होते. त्यांची नात सैकाल सहा वर्षांची झाली, तरी तिच्या टाचा जमिनीला टेकत नव्हत्या आणि गुडघे एकमेकांत अडकत होते. तिच्या तळहातात कुसळ शिरू नये म्हणून आजोबा मला तीन दिवस घासत बसले.

व्यायाम घेणाऱ्या तुर्सुनाय एजे, म्हणजे तुर्सुनायताई, आधी तिच्या पोटऱ्या हळूहळू ताणत, मग तिला माझ्या दोन दांड्यांमध्ये उभे करत.

"टाच टेकव गं, राणी."

"एजे, एक दिवस माझे पाय तुम्ही घेऊन बघा," सैकाल कुरकुरायची. पण टेकवायची.

दोन वर्षांनी ती मला धरून अकरा पावले चालली. आजोबांनी टोपी काढून तोंडावर धरली.

मग कोझोबेक नावाचे नवे संचालक आले. त्यांनी देणगीतून चालण्याचे चकचकीत यंत्र मिळवले. मला कोठारात टाकून माझ्यावर ओले गालिचे वाळत घातले. त्याचे मला काही नव्हते. मुले यंत्रावर चालणार असतील तर चालू देत. पण त्यांनी यंत्राच्या खोलीला कुलूप लावले.

"पोरं खराब करतील. पुढच्या महिन्यात देणगीदारांची माणसं पाहणीला येणार आहेत," ते म्हणाले.

"आणि तोवर पोरांनी काय करायचं?" एजेंनी विचारले.

"घरी करा म्हणावं व्यायाम."

तो पुढचा महिना यायला चार महिने लागले. घरी आजोबा जमेल तसे पाय ताणत राहिले, तरी सैकालच्या पोटऱ्या पुन्हा आखडल्या. दोन वर्षांनी टेकलेल्या टाचा परत उचलल्या गेल्या.

पाहणीच्या दिवशी कुलूप निघाले. फोटोसाठी सैकालला यंत्रात उभे केले. तिच्या टाचा टेकत नव्हत्या.

"जरा हसून दाखव, बाळ," संचालक म्हणाले.

"कशाला हसू? तुमचं यंत्र नवं राहिलं, माझे पाय बिघडले."

आजोबा उठले. त्यांनी आणि एजेंनी मिळून मला कोठारातून ओढत आणले आणि संचालकांच्या दारासमोर, व्हरांड्यात, जमिनीला स्क्रूने पक्के केले.

"अहो, इथे? माझी वाट अडतेय." पाहुण्यांसमोर संचालकांना आवाज चढवता येईना.

"अडू द्या," आजोबा म्हणाले. "आम्ही चार महिने थांबलो. आता तुम्ही थांबायला शिका."

तेव्हापासून मी तिथेच आहे. सैकाल सध्या तीन पावले टाकते. अकरा पुन्हा कधी होतील, एजेंनाही सांगता येत नाही. ती चालत असली की संचालक चहाचा पेला धरून दारात उभे राहतात. ती मुळीच घाई करत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे सांगायला मी आलो नाही. मला जपू नका. माझ्यावर कापड घालू नका, मला कुलपात ठेवू नका. घामाने काळा होईपर्यंत मला धरा, झिजवा. मी मोडलो तर आजोबा दुसरा कठडा करतील. सैकालला दुसरे पाय कोण करून देणार?